खाम्पेंग मावशींनी पळी खाली ठेवली नाही

त्रिरत्नांना वंदन करून बोलायला उभी राहते. गावच्या विहाराचे पूज्य भंते चंदवण्णो, विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष माननीय चावालितसाहेब, आपल्या संचालिका सिरियाफाबाई. शुद्ध हवेसाठी बँकॉक सोडून चिआंगमाईच्या या डोंगरात राहायला आलेले आणि मार्चमध्ये शेतं जाळल्याचा धूर झाला की त्याच हवेसाठी पुन्हा बँकॉक गाठणारे पालकहो. गावातले पालकहो, तुम्हाला मागे चटया दिल्या आहेत, खुर्च्या पुढेच संपल्या, समजून घ्या. माझे सहकारी शिक्षक, अर्ध्या तासापासून चुळबुळ दाबून बसलेल्या मुलांनो, आणि जिच्यासाठी आज आपण सगळे इथे जमलो ती, आजची सत्कारमूर्ती, खाम्पेंग मावशी.

मी दुआंगकमोन, दुसरीची वर्गशिक्षिका. या शाळेत मला अकरा वर्षं झाली. मला तीन मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिला आहे कृतज्ञता. भाषणाचा मजकूर बुधवारी संचालिकाबाईंनी वाचून मंजूर केला. तो माझ्या पिशवीत आहे. चांगला आहे. त्यात ‘प्रेमळ’ हा शब्द सात वेळा आला आहे. ज्यांना हवा असेल त्यांना मी नंतर त्याची प्रत देईन. आत्ता मात्र दुसरं काही बोलणार आहे. भंतेंचं भोजन बाराच्या आत व्हायला हवं याचं मला भान आहे, तेव्हा सिरियाफाबाई, घड्याळाकडे बघण्याची तसदी घेऊ नका.

मावशी आली तेव्हा ही शाळा म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या होत्या आणि चाळीस मुलं. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. तेव्हा आपल्याकडे सजगता नव्हती असं माहितीपत्रकात वाचलं. तेव्हा नुसती शाळा होती. सकाळी वंदना, पंचशील, श्वासावरचं थोडं आनापान आणि मग पाढे. मुलांना राग आला की ती भांडायची, मग मावशी दोघांनाही चिकट भाताचा एकेक गोळा द्यायची आणि भांडण संपायचं. शास्त्रशुद्ध काहीच नव्हतं हो.

आता बघा, किती प्रगती झाली. आता राग आला की मूल राग-कोपऱ्यात जातं, चमकीची बाटली हलवतं आणि चमकी खाली बसेपर्यंत स्वतःच्या मनाकडे बघतं. गेल्या वर्षी त्या बाटलीवरूनच दोघांची मारामारी झाली, तो भाग सोडून देऊ. आता वर्गात मुंगी आली तर तिला कागदावर घेऊन, ‘तुझं कल्याण होवो’ म्हणून बागेत सोडून यायचं असतं. ओळीने. हळू पावलं टाकत. एका पावसाळ्यात मुंग्या इतक्या आल्या की माझ्या वर्गाचा वजाबाकीचा धडा बागेतच राहिला. एक मनुका पाच मिनिटं खायला आपण शिकवतो. एक आई मला म्हणाली, “बाई, पोरगा आता रात्रीचं जेवण दोन तास जेवतो, आम्ही झोपायचं कधी?” मी म्हटलं, ताई, हेच तर शाळेचं यश.

आणि आपली घंटा. दर तासाला घंटा होते, आणि जो जिथे असेल तिथे थांबतो. डोळे मिटायचे. तीन श्वास. मग पुढे. मुलं थांबतात, शिक्षक थांबतात, माळीबुवा झारी तिरकी धरून थांबतात, त्यामुळे एका रोपाला पाणी जास्त होतं. सगळ्या शाळेत एकच माणूस कधी थांबला नाही.

नियम आला त्याच आठवड्यात संचालिकाबाई स्वतः स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी मागे उभी होते, म्हणून मला माहीत आहे.

“खाम्पेंग, घंटा झाली की पळी खाली ठेवायची.”

“आणि तेल?”

“तेलाचं काय?”

“तेल कुठं थांबतंय, बाई? त्याला सांगितलंय का कुणी?”

“हे बघ, तीनच श्वास असतात. तेवढ्यात काही होत नाही.”

“लसूण करपतो,” मावशी म्हणाली. “मग दीडशे पोरं कडू आमटी जेवतात. तुम्ही घ्या श्वास, मी ढवळते. दोन्ही कामं झाली म्हणजे झालं.”

त्यानंतर दर वर्षीच्या अहवालात एक ओळ असायची, ‘स्वयंपाकघराचा सहभाग अपेक्षेपेक्षा कमी.’ ती ओळ मावशीला कुणी वाचून दाखवली नाही. ती अहवाल वाचणाऱ्यांतली नव्हे. आपल्या अहवालांच्या पाठकोऱ्या कागदांत मात्र तिने दहा वर्षं पोरांना केळी बांधून दिली.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख आजच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही तिच्याकडे येते. गेल्या महिन्यातली गोष्ट. पालकांना ‘एक छोटासा व्यत्यय’ अशी चिठ्ठी गेली होती, तीच ती.

बँकॉकच्या एका संस्थेचे तीन परीक्षक आपल्या शाळेला मानांकन द्यायला येणार होते. पाच कमळं मिळाली की शाळा देशातल्या पहिल्या दहांत जाणार होती. सगळीकडे धावपळ, अर्थात सजगतेने. मला सांगितलं गेलं, जेवणाच्या दालनात दीडशे मुलांचा एक असा धडा घे की परीक्षकांना बोलायला जागा राहू नये. मी घेतला. नीट ऐका. तो धडा माझा होता. कुणी वरून लादलेला नव्हता. माझ्या डोक्यातून निघालेला, माझ्या अक्षरात लिहिलेला.

लामयाईच्या फळांचा हंगाम होता. कुंपणापाशी आपली झाडं लगडली होती. मी ठरवलं फळ-ध्यान. प्रत्येक मुलाने एक लामयाई सोलायचं, अख्खं तोंडात घ्यायचं, डोळे मिटायचे. पाच मिनिटं. गर विरघळू द्यायचा आणि शेवटी गुळगुळीत काळी बी जिभेवर फिरवत राहायची. मला फार सुंदर वाटलं होतं ते.

आदल्या संध्याकाळी मावशी माझ्या वर्गाच्या दाराशी आली. ओले हात फडक्याला पुसत होती.

“बाई, उद्या पोरांना बीसकट देणार म्हणे?”

“हो.”

“लहान आहेत. पहिलीची तर दुधाचे दात पडलेली. मला टोपल्या द्या, मी बसते आणि बिया काढून ठेवते. सकाळपर्यंत होतील.”

“मावशी, बी हाच तर धड्याचा गाभा आहे. वरचा गोडवा संपतो आणि आत काय उरतं, हे त्यांना कळायला हवं.”

ती जायला वळली. मग म्हणाली, “आत काय उरतं ते आमच्याकडं फेकून देतात.” आणि गेली. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन हे सांगितलं आणि आम्ही सगळे हसलो. मीही. जोरात.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं. दीडशे मुलं चटयांवर. परीक्षक समोर, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. मी दुसरीच्या ओळीत माइक घेऊन बसले. माझ्या उजव्या हाताला, दोन हातांवर, टेंगमो.

टेंगमोला तुम्ही ओळखता. जे ओळखत नाहीत त्यांनी तिला ऐकलं असणारच. गावातली मुलगी, आजीजवळ राहते. कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण टेंगमो म्हणजे कलिंगड, आणि तिला ते शोभतं. सात वर्षांची आहे. दिवसभर बोलते. वंदनेत बोलते, श्वास मोजताना मोठ्याने मोजते, मुंगीला बागेत सोडताना मुंगीशी बोलते. मी तिला वर्षभर एकच गोष्ट शिकवली. गप्प बस. त्या सकाळी तर तिला जवळ बोलावून म्हटलं, “टेंगमो, आज पाहुणे आहेत. आज काहीही झालं तरी बोलायचं नाही, हलायचं नाही. कबूल?” ती म्हणाली, कबूल.

मी माइकवर सांगू लागले. आता डोळे मिटा. आता गोडवा ओळखा. आता बी जिभेवर फिरवा, हळूहळू. दालनात इतकी शांतता होती की छताच्या पंख्याचा आवाज येत होता. मध्येच मी डोळे किलकिले केले. म्हटलं बघू तरी, परीक्षकांचे चेहरे कसे आहेत. तेव्हा मला टेंगमो दिसली. ताठ बसली होती. हात मांडीवर. जराही हालत नव्हती. गालांवरून पाणी वाहत होतं.

मला काय वाटलं असेल? सांगा ना, अकरा वर्षं अनुभव असलेल्या शिक्षिकेला काय वाटलं असेल? मला वाटलं, हिला लाभलं. माझ्या धड्याने हिच्या आत काहीतरी उलगडलं. मी समाधानाने डोळे पुन्हा मिटले. मी एकटी नव्हते, बरं का. परीक्षकांच्या वहीतही त्या वेळची नोंद आहे, ‘एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत अश्रू. सखोल अनुभूती.’ ती वही मी नंतर पाहिली.

घंटा झाली. थांबू या.

…

धन्यवाद. आत्ता आपण घेतलेले तीन श्वास म्हणजे किती वेळ, माहीत आहे? अकरा सेकंद. अलीकडे मी मोजते. छान वाटतात, नाही? घशात बी अडकलेल्या मुलीला तेवढे किती वाटत असतील, हे मी रोज दर तासाला मोजते. आणि त्या दिवशी मी डोळे पुन्हा मिटल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंत अकरा सेकंदांपेक्षा खूप जास्त वेळ गेला होता.

तो आवाज असा होता. “डोळे उघडा रे मेल्यांनो! पोरगी निळी पडलीय!”

मावशी वाढपाच्या खिडकीत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखरे, त्या खिडकीच्या ओट्यावरून कशी आली हे मला अजून कळलेलं नाही. हातात पळी तशीच. मुलांच्या ओळींमधून धावत आली. आपल्या शाळेत धावायला मनाई आहे. टेंगमोला उचलून मांडीवर पालथं घातलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये हाताने रट्टे घालू लागली. एक. दोन. मी माइक धरून बसलेच होते. तीन. सिरियाफाबाई म्हणाल्या, “खाम्पेंग, हळू!” चार. पाचव्या रट्ट्याला बी सुटली आणि मुख्य परीक्षकांच्या पांढऱ्या पायजम्यावर जाऊन पडली. ते किंचाळले. म्हणजे त्या दिवशीचं मौन तिघांनी मोडलं, पण अहवालात नाव एकाचंच आहे.

टेंगमोला श्वास आला. खोकली, ओकली, रडली. आणि मग तिने मला शोधलं. लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघून ती पहिलं वाक्य काय बोलली, ते ऐका.

“बाई, मी बोलले नाही हं.”

मी तिला काय उत्तर दिलं? उत्तर द्यायच्या आत घंटा झाली. अवेळीच. दालनात पुन्हा शांतता यावी म्हणून संचालिकाबाईंनी ती वाजवली होती. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून तीन श्वास घेतले. टेंगमोनेही घेतले. तिला ते हवेच होते.

पुढे जे झालं ते आपल्या परंपरेला साजेसं झालं. दुसऱ्या शाळांत चौकशी होते. आपल्याकडे करुणा-वर्तुळ भरतं. वर्तुळात कुणालाही दोष द्यायचा नसतो. फक्त ‘मला वाटलं’ अशा शब्दांनी सुरुवात करायची असते. एकेकाने सांगितलं. मला धक्का वाटला. मला आवाज फार तीव्र वाटला. मला माझ्या श्वासापासून तुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मला कृतज्ञ वाटलं. मुलगी वाचली म्हणून कृतज्ञ, असं म्हणायला हवं होतं, पण मी नुसतंच म्हटलं. धडा कुणाचा होता हा प्रश्न निघालाच नाही. आणि निघत नाही म्हणून मला किती बरं वाटलं, हे मी सांगितलं नाही.

मग मावशीला विचारलं, “खाम्पेंग, मौन मोडताना तुम्हाला काय वाटलं?”

मावशी म्हणाली, “मला आत्ता भात खाली लागल्याचा वास येतोय. जाऊ का?”

भंतेही त्या वर्तुळात होते. मौनभंग झाला की नाही, हे ठरवायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. भंते, आपण अर्धा तास सगळं ऐकलंत आणि एकच प्रश्न विचारलात. “ती मुलगी नंतर जेवली का?” आम्ही तेरा जण होतो. शिक्षक, संचालिका, समुपदेशक. कुणालाच माहीत नव्हतं. मावशी दारातून म्हणाली, “मऊ भात भरवला. अंडं घालून. दोनदा मागितला.” आणि भात बघायला गेली.

मानांकन आलं. चार कमळं. पाचवं गेलं मौनाच्या सदरात. अहवालात लिहिलं होतं, ‘स्वयंपाकघराचा स्वभाव शाळेच्या तत्त्वांशी सुसंगत नाही.’ मग ठराव झाला. पुढच्या आठवड्यापासून शहरातली एक कंपनी डबे पाठवणार आहे. साखर नाही, मिरचीचा ठेचा नाही, आवाज नाही. मावशीला साठीला अजून दोन वर्षं आहेत. पण आपण कुणाला काढत नाही. आपण माणसाला मुक्त करतो. बौद्ध शाळा आहे, शेवटी.

त्या ठरावावर आठ सह्या आहेत. सातवी माझी. सही करताना मी खोल श्वास घेतला होता. गेल्या आठवड्यात मी ती मागे घ्यायला गेले, तर मला उत्तर मिळालं की शांत मनाने केलेली सही अशी मागे घेता येत नाही. माझं मन शांत होतं हे त्यांना कुठून कळलं, हे विचारायचं राहिलं. चावालितसाहेब, सही मागे घेतल्याचं माझं पत्र आपल्या टेबलावर आहे. आपण ते वाचलं नसेल तर आता ऐकलंत.

तिथून मी स्वयंपाकघरात गेले. मावशी मोठी कढई घासत होती. मी म्हटलं, “मावशी, मी राजीनामा देते.”

“कशाला?”

“तुला काढतायत आणि चूक माझी होती.”

“होतीच तुमची,” ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. “मग राजीनामा देऊन काय, पोरांकडं बघणार कोण? ती डब्यांची कंपनी?”

“पण तुझं काय?”

“माझं काय? बहिणीची शेवयांची गाडी आहे लाम्फुनच्या बाजारात. कधीपासून बोलावतेय. तिथं माणसं बोलत बोलत जेवतात. खरं सांगू का, बाई? अठरा वर्षांत पोरांचा कंटाळा आला नाही मला. त्या घंटेनं मात्र डोकं उठवलं.”

मी रडायला लागले. ती म्हणाली, “आता रडू नका, हात धुवा आणि ही कढई त्या बाजूनं धरा.” मी धरली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुम्ही ते डोळे मिटता ना, ते कुणाकडं बघायचं नसतं म्हणून मिटता का?” टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी लहानपणापासून ध्यान करते. माझी श्रद्धा आहे त्यावर, आजही आहे. आईच्या शेजारी बसून मी ते शिकले आणि माझ्या आईचा कान शेजारच्या पाळण्याकडे असायचा. तरी मावशीला ‘नाही’ म्हणायला माझी जीभ वळली नाही.

म्हणून सोमवारपासून जेवणाच्या दालनात मी उभी राहणार आहे. घंटा झाली तरी माझे डोळे उघडे असतील. मुलं डोळे मिटोत, शांत बसोत, सुंदरच आहे ते. मी बघत राहीन. कुणाच्या ताटात काय आहे, कुणाच्या तोंडात काय आहे. याला मंजुरी मागितलेली नाही. यासाठी समिती नेमायची असेल तर खुशाल नेमा, मी तिच्याकडेही बघत राहीन.

मावशी, तुला शाल, श्वासाचं पुस्तक आणि कमळाच्या आकाराची चमकीची बाटली भेट मिळणार आहे. पुस्तक नको असेल तर दे, मी घेईन. तू अठरा वर्षं आमच्या मुलांना जेवू घातलंस, आणि त्यांच्याकडे बघत जेवू घातलंस. लाम्फुनला मी येईन. येताना बोलत येईन.

आपण सगळ्यांनी मला ऐकून घेतलंत, तीन मिनिटांचा हिशोब कधीच चुकला, तरी कुणी माइक बंद केला नाही, याबद्दल आभार मानते. भंते, आपल्या भोजनाला उशीर होतोय, क्षमा असावी. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर तेही पदरात घ्यावं. भाषणाच्या शेवटी अशी सरसकट माफी मागायची पद्धत आहे, ती मी मागितली.

एक माफी मात्र त्यात धरू नका. ती वेगळी आहे आणि एकाच माणसाची आहे. त्या वर्तुळात सगळ्यांनी आपापल्या भावना सांगितल्या, पण तिला कुणी बोलावलं नव्हतं.

टेंगमो, उभी राहा बाळ. आजी, तुम्हीही ऐका. टेंगमो, बी तोंडात ठेव असं मी सांगितलं होतं. बोलू नकोस, हलू नकोस, हेही मीच सांगितलं होतं. तू माझं ऐकलंस. मी तुझ्या शेजारी बसले होते, तुझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं नाही. चुकले मी. मला माफ कर.

लगेच ‘हो’ म्हणायची गरज नाही. घरी जा, आजीशी बोल, हवे तितके दिवस घे. नाही म्हणालीस तरी चालेल. सोमवारी मी वर्गात आहे.